एक नांव, अनेक धनी

पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडतांना दुकानांच्या पाट्यांवर एक वाक्य हटकून आढळतें: ‘आमची अन्यत्र कोठेंही शाखा नाहीं.’ पुष्कळजण त्याची थट्टा करितात. परंतु त्या वाक्यांत ग्राहकाशीं केलेला एक सरळ करार असतो. या नांवामागें मीच बसलों आहें. माल वाईट निघाला तर येथें येऊन मला जाब विचारा, असें तो दुकानदार सांगत असतो. नांव आणि धनी यांची ही गांठ मोठ्या व्यापारांत कशी सुटते, हें पाहावयाचें असल्यास इंग्लंडांतील ‘व्हर्जिन’ या नांवाची हकीगत पाहावी. संगीत, आगगाडी आणि इंटरनेट या, एकमेकांशीं कांहींएक संबंध नसलेल्या, तीन धंद्यांवर तें एकच नांव झळकलें.

आमच्या विद्यार्थी वाचकांस गंमत वाटेल, परंतु या कथेचा आरंभ एका विद्यार्थ्यांच्या नियतकालिकापासून होतो. सोळाव्या वर्षीं शाळा सोडलेल्या रिचर्ड ब्रॅन्सननें १९६८ सालीं ‘स्टुडंट’ नांवाचें नियतकालिक काढलें. पुढें १९७० मध्यें त्यानें टपालानें तबकड्या विकण्यास प्रारंभ केला व १९७१ सालीं लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान थाटलें. सारी मंडळी व्यापारांत अगदींच कोरी. सबब ‘व्हर्जिन’, म्हणजे अस्पर्शित, हें नांव एका सहकारिणीनें सुचविलें असें सांगतात. मे १९७३ मध्यें माईक ओल्डफील्ड या विशींतल्या तरुणाची ‘ट्युब्युलर बेल्स’ ही तबकडी त्यांनीं प्रसिद्ध केली. तींतील बहुतेक वाद्यें त्यानें एकट्यानेंच वाजविलीं होतीं, आणि इतर कंपन्यांनीं ती नाकारली होती. धोका पत्करणारा कोण, हें त्या वेळीं सर्वांस ठाऊक होतें. नांव आणि माणूस एकच होते. परंतु १९९२ सालीं ही संगीताची कंपनी ई. एम. आय. ला विकली गेली, आणि २०१२ सालीं ती युनिव्हर्सलकडे आली. तबकडीवरील नांव मात्र हललें नाहीं.

आगगाडीची कथा अधिक विचार करावयास लावते. १९९३ च्या कायद्यान्वयें ब्रिटनमधील सरकारी रेल्वे खासगी कंपन्यांच्या हातीं गेली, तेव्हां रूळ एकाचे, डबे दुसऱ्याचे व गाड्या चालविण्याचा मक्ता तिसऱ्याचा, अशी वांटणी झाली. लंडनहून मँचेस्टर व ग्लासगोकडे जाणाऱ्या पश्चिम मार्गाचा मक्ता १९९७ सालीं व्हर्जिनला मिळाला. दुसऱ्याच वर्षीं त्यांतील ४९ टक्के हिस्सा स्टेजकोच या बसगाड्यांच्या कंपनीनें घेतला. पुढें वळणावर आंतल्या बाजूस कलणाऱ्या सुंदर पेंडोलिनो गाड्या आल्या. पण त्या बांधल्या आल्स्टॉमनें, आणि व्हर्जिननें त्या एंजल ट्रेन्सकडून भाड्यानें घेतल्या. ताशीं १४० मैलांच्या हेतूनें बांधलेल्या या गाड्या १२५ मैलांवरच राहिल्या, कारण त्या वेगास लागणारी सिग्नलांची नवी व्यवस्था रूळवाल्यांकडून पुरी झाली नाहीं. उतारूस यांतलें काय दिसणार? त्यास दिसतें तें डब्यावरील नांव!

पूर्व मार्गावरील प्रकार तर याहून विलक्षण. २०१५ सालीं लंडन-एडिंबरो मार्गावर ‘व्हर्जिन ट्रेन्स ईस्ट कोस्ट’ सुरू झाली. तींत व्हर्जिनचा हिस्सा शेंकडा १० आणि स्टेजकोचचा शेंकडा ९०! २०२३ पर्यंत सरकारास ३ अब्ज ३० कोटी पौंड देण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें. उत्पन्न अपेक्षेप्रमाणें वाढलें नाहीं, आणि जून २०१८ मध्यें सरकारला तो मार्ग आपल्या हातीं घ्यावा लागला. दहांतील एका वांट्याच्या धन्यास दहाही वांट्यांची अपकीर्ति सोसावी लागली. मला त्याची कींव येत नाहीं. गाड्या नीट चालत तेव्हां दहाही वांट्यांची वाहवा त्यानेंच घेतली होती.

इंटरनेटचें थोडक्यांत सांगतां येईल. एन. टी. एल. व टेलिवेस्ट या एकत्र झालेल्या कंपन्यांनीं २००६ सालीं व्हर्जिन मोबाईल विकत घेतली, तें नांव ३० वर्षें वापरण्याचा करार केला, आणि २००७ च्या फेब्रुवारींत त्या ‘व्हर्जिन मीडिया’ झाल्या. रस्त्याखालची तार तीच. पाटी तेवढी नवी. आपल्याकडेही २००८ सालीं टाटा टेलिसर्व्हिसेसच्या जाळ्यावर व्हर्जिन नांवाची मोबाईल सेवा निघाली होती, हें कित्येक पालकांस आठवत असेल.

नांव भाड्यानें देणें हें पाप आहे असें माझें म्हणणें नाहीं. नांव बुडेल या भीतीनें नांवाचा मालक दर्जावर नजर ठेवतो, असें समर्थन केलें जातें, व त्यांत तथ्य आहे. परंतु नांवाची पत किती, हें ठरवावयाचें कोणीं? फ्लोरिडांतील ब्राइटलाईन या रेल्वे कंपनीनें २०१८ सालीं व्हर्जिनचें नांव घेण्याचा करार केला आणि २०२० सालीं, त्या नांवाची प्रतिष्ठा आतां उरली नाहीं असें म्हणून, तो मोडला. २०२३ सालीं लंडनच्या न्यायालयानें निकाल व्हर्जिनच्या बाजूनें दिला. उतारूंचें मत त्यांत कोणी विचारलें नव्हतें.

आपल्या देशांत बिस्किटाच्या पुड्यावरही तो बनविणाराचें नांव व पत्ता छापणें कायद्यानें बंधनकारक आहे. जो नियम चार रुपयांच्या पुड्यास, तो शेंकडों माणसें वाहून नेणाऱ्या गाडीस कां नसावा? डब्यावर जेवढ्या अक्षरांत भाड्याचें नांव, तेवढ्याच अक्षरांत खऱ्या वांटेकऱ्यांचीं नांवें असावींत, एवढेंच माझें मागणें आहे.

पश्चिम मार्गाचा मक्ता ७ डिसेंबर २०१९ रोजीं संपला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच पेंडोलिनो गाड्या त्याच रुळांवरून ‘अवांती वेस्ट कोस्ट’ या नांवानें सुटल्या.