तेल किती जळावे, हे कोणी ठरवायचे?

तंजावर ते कुंभकोणम हे अंतर जेमतेम ४० किलोमीटरचे. गेल्या पावसाळ्यात या रस्त्यावर, पापनाशमच्या अलीकडे एका वळणावर, माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा क्षणभर लागला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. गाडी घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती. साडेचौदा हजार किलोमीटर चाललेली, प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत केंद्रातच झालेले. चालकाने एका चिंचेखाली गाडी उभी केली, बॉनेट उघडले, डिपस्टिक ओढून पुसली, पुन्हा बुडवून काढली. ती कोरडी होती. खाली जमिनीवर तेलाचा थेंब नव्हता, इंजिनाला कुठे ओल नव्हती. ऑइल बदलून साडेचार हजार किलोमीटर झाले होते आणि त्या अवधीत सुमारे तीन लिटर तेल इंजिनाने जाळून टाकले होते.

पुढे जे घडले ते अनेक वाचकांच्या परिचयाचे असेल. सर्व्हिस केंद्रातील तरुण सल्लागाराने अत्यंत अदबीने सांगितले, ‘सर, हे नॉर्मल आहे. पुस्तिकेत दिलेले आहे.’ पुस्तिकेत खरोखरच दिलेले होते. दर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत तेल खर्च होऊ शकते, असे वाक्य शेवटच्या काही पानांत, टायरमधील हवेच्या तक्त्यानंतर, बारीक टाइपात होते. मी आग्रह धरला म्हणून रीतसर चाचणी झाली: तेल वरच्या खुणेपर्यंत भरले, झाकणाला व डिपस्टिकला सील लावले, आणि हजार किलोमीटर चालवून गाडी परत आणण्यास सांगितले. तिरुचिरापल्ली, नागपट्टणम, पुन्हा तिरुचिरापल्ली असे करीत मी ते हजार किलोमीटर पुरे केले. खर्च ७०० मिलिलिटर भरला. म्हणजे नियमाप्रमाणे माझ्या इंजिनाला अजून ३०० मिलिलिटर तेल पिण्याची मुभा होती. प्रकरण बंद झाले.

आयुष्याची पस्तीस वर्षे मी शासकीय फायलींवर मर्यादा, निकष आणि अपवाद लिहिण्यात घालवली. त्यामुळे एखादी मर्यादा कशी जन्माला येते, याचे कुतूहल निवृत्तीनंतरही सुटलेले नाही. या एका लिटरच्या मर्यादेचे साधे गणित मांडून पाहावे. त्याच पुस्तिकेत ऑइल बदलण्याची मुदत १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी दिलेली आहे. इंजिनात एकूण तेल मावते सुमारे चार लिटर. हजाराला एक लिटर हे प्रमाण ‘सामान्य’ मानले, तर दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात या सामान्य इंजिनाला १० लिटर तेल लागेल. म्हणजे चार हजार किलोमीटरवर चेंबर रिकामा होईल आणि उरलेल्या सहा हजारांसाठी गाडीमालकाने स्वतः, वरचेवर, डबा हाती घेऊन उभे राहिले पाहिजे. एकाच पुस्तिकेतील दोन पाने एकमेकांना खोटे पाडत आहेत. आणि मालकाने तेल टाकले नाही व इंजिन जाम झाले, तर वॉरंटीच्या अटींत त्याला ‘निष्काळजीपणा’ असे नाव आहे. तो तांबडा दिवादेखील तेलाच्या पातळीचा नसून दाबाचा असतो; तो लागतो तेव्हा पातळी फार खाली गेलेली असते. हे किती मालकांना कोणी समजावून सांगितले आहे?

उद्योगाची बाजू मी नाकारत नाही. प्रत्येक इंजिन थोडेफार तेल जाळतेच. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहिलाच पाहिजे, नाहीतर धातूवर धातू घासेल. त्या थरातील काही अंश दर स्फोटाबरोबर जळतो. नव्या गाडीत पिस्टनच्या रिंगा भिंतीवर नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले काही हजार किलोमीटर, हा खर्च अधिक असतो. पण माझ्या वडिलांची जुनी फियाट तेल पीत असे ती म्हातारपणामुळे, आणि ते मागच्या निळसर धुरावरून साऱ्या गल्लीला कळत असे. आजच्या नव्या गाड्यांत हे दुखणे तारुण्यातच का दिसते, याचे उत्तर काही अंशी आपल्याच धोरणात आहे.

भारताने मोटारींसाठी कार्बन उत्सर्जनाची सरासरी मर्यादा घातली ती २०१७-१८ पासून, दर किलोमीटरला १३० ग्रॅम. २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमवर आणली. धोरण योग्यच होते. ही मर्यादा गाठण्यासाठी इंजिन लहान झाले, त्याला टर्बो बसला, तेल पाण्यासारखे पातळ झाले आणि पिस्टनवरच्या रिंगांचा ताण कमी करण्यात आला, कारण इंजिनातील घर्षणाचा मोठा वाटा पिस्टन आणि रिंगांचा असतो. सैल रिंग कमी घासते, इंधन वाचवते. आणि रचना जराशी चुकली, किंवा रिंगेमागची बारीक छिद्रे काजळीने बुजली, की तीच रिंग तेल खरवडून खाली पाठवण्याऐवजी वर जाऊ देते. इंधनाचा ग्रॅम आम्ही मोजला, तेलाचा मिलिलिटर मोजला नाही. ‘आम्ही’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. मोजले जाते तेच सुधारते आणि न मोजलेल्या जागी सगळी तडजोड जाऊन साचते, हा अनुभव धान्याच्या गोदामापासून धूर तपासणीपर्यंत सर्वत्र सारखा आहे.

आमच्या गावात या विषयावर एक जुना दस्तऐवज आहे. मराठी वाचक बृहदीश्वराच्या मंदिरात येतात ते बहुधा सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भिंतीवर कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहण्यासाठी, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्याआधी सुमारे आठशे वर्षे, राजराज चोळाच्या काळात, याच मंदिराच्या दगडांवर हिशेब कोरले गेले. त्यांत नंदादीपांचा हिशेब आहे. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी नेमून दिल्या जात. ज्या गुराख्याकडे ते पशुधन सोपवले त्याने दररोज एक ‘उळक्कु’ तूप मंदिराच्या कोठारात आणून द्यायचे, सूर्यचंद्र असेपर्यंत. माप कोणते वापरायचे तेही नोंदले आहे: ‘आडवल्लान’ नावाचे, देवाच्याच नावाने ओळखले जाणारे. गुराख्याचे नाव आहे, आणि त्याच्यामागे जबाबदार राहणाऱ्या नातेवाइकांचीही नावे आहेत.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या लेखांत भक्तीइतकीच प्रशासनाची शिस्त दिसते. एका ज्योतीला दिवसाला किती स्निग्ध द्रव्य लागते, हे इथे गुराख्याच्या सांगण्यावर सोडलेले नाही. प्रमाण जाहीर आहे, माप ठरलेले आहे, उत्तरदायी माणूस नावानिशी ठाऊक आहे, आणि भिंतीजवळ जाणाऱ्या कोणालाही ते वाचता येते. माझ्या गाडीच्या बाबतीत प्रमाण उत्पादकाने ठरवले, माप त्याच्याच केंद्राने घेतले, निकाल त्यानेच दिला आणि नोंद त्याच्याच संगणकात राहिली. (त्या नोंदीची प्रत मागितली, तेव्हा ‘अंतर्गत कागद आहे’ असे उत्तर मिळाले. हे वाक्य मी स्वतः पूर्वी किती वेळा उच्चारले असेल, या विचाराने थोडा वरमलो.)

ग्राहकापुढे मार्ग कोणते? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण दोष उघड्या डोळ्यांनी दिसणारा नसेल तर प्रयोगशाळेची तपासणी लागते आणि तिचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. वाहन बदलून मिळण्याविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटले आहे की, वॉरंटीचा अर्थ सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणे एवढाच. अख्खी गाडी नव्हे. तत्त्व म्हणून ते मान्य करता येईल. परंतु पुस्तिकेनेच एक लिटरला ‘सामान्य’ म्हटले असेल, तर सदोष भाग आहे हेच सिद्ध व्हायचे कसे? मर्यादा जितकी ढिली, तितका दोष कमी.

दुसरा मार्ग मोटार वाहन कायद्यातील कलम ११०-अ चा. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे कलम सर्वसाधारणपणे ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग यांच्या संदर्भात वाचले जाते. प्रत्यक्षात त्यात प्रवाशांच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या बरोबरीने पर्यावरणाला पोहोचणाऱ्या हानीचाही स्पष्ट उल्लेख आहे. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी फॉस्फरस आणि जस्त यांची संयुगे घातलेली असतात. तेल जळते तेव्हा ती धुरावाटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतात आणि त्याची क्षमता हळूहळू मारतात. आपली पीयूसी तपासणी उभ्या पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहते. तेल किती जळाले हे ती विचारतच नाही. माझी गाडी त्या तपासणीत सहज उत्तीर्ण झाली. अशा हजारो गाड्या असतील, तर भारत स्टेज ६ साठी देशाने जो खर्च सोसला त्यातला काही भाग दर हजार किलोमीटरला जळतो आहे.

अमेरिकेत हा वाद पूर्वीच होऊन गेला. टोयोटाच्या २.४ लिटर इंजिनांपैकी काही जास्त तेल जाळत होती, तेव्हा १,२०० मैलांना एक क्वार्ट ही सीमा धरून, चाचणीत ती ओलांडणाऱ्या गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा मूळ वॉरंटी संपल्यावरही बदलून देण्याची योजना कंपनीला राबवावी लागली. आपल्या मापात ही सीमा हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर होते. सुबारूच्या गाडीमालकांनी एकत्रित दावा लावला आणि २०१६ मधील तडजोडीत इंजिनाची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवून घेतली. तिथेही उंबरठा उदारच आहे. पण तिथे मालक एकत्र येऊ शकले आणि चाचणीचा आकडा त्यांच्या हाती होता.

आपल्याकडे फार मोठा कायदा करण्याची गरज मला दिसत नाही. मॉडेलला मान्यता देताना तेलाचा खर्च मोजावा आणि तो आकडा इंधनाच्या सरासरीशेजारी जाहीर करावा. ‘सामान्य’ मर्यादा मात्र उत्पादकाच्या सोयीवर न ठेवता त्याच्याच सर्व्हिसिंगच्या मुदतीशी बांधावी: तेल बदलून पुढच्या बदलापर्यंत पातळी खालच्या खुणेखाली जाता कामा नये. अनेक गाड्यांत दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते. म्हणजे १० हजार किलोमीटरला एक लिटर, हजाराला १०० मिलिलिटर. हे फार कडक आहे असे अभियंते म्हणतील, आणि ताण वाढवलेल्या रिंगा पुन्हा इंधन जास्त खातील, ही त्यांची हरकत खरी आहे. मग मुदत पाच हजारांवर आणावी आणि तसे जाहिरातीत सांगावे. सील लावून केलेल्या चाचणीचा लेखी निकाल मालकाला द्यावा, आणि वॉरंटीतील प्रत्येक टॉप-अपची नोंद केंद्र सरकारच्या वाहन-परतीच्या यंत्रणेत आपोआप जावी. आज तिथे पोहोचण्यासाठी ठरावीक संख्येने मालकांनी स्वतंत्रपणे तक्रार करावी लागते. ज्याला ‘हे नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवले आहे, तो तक्रार कशाला करील?

हे सर्व लिहून मी मंत्रालयाकडे एक निवेदन पाठवले आहे. पोच आली आहे. तोवर डिकीत तेलाचा एक डबा आणि एक वही असते. दर सोमवारी सकाळी, इंजिन थंड असताना, चालक डिपस्टिक पाहतो आणि तारीख, किलोमीटर व पातळी लिहितो. डाव्या बाजूला त्याची सही, उजव्या बाजूला माझी. गेल्या आठवड्याची नोंद आहे: ४६० किलोमीटर, साडेतीनशे मिलिलिटर.