बंद पडलेला कंट्रोलर काय सांगतो?

विजेची मोटार आपल्या विहिरीवर आली त्यास दोन-तीन पिढ्या लोटल्या. एक फेज गेली म्हणजे ती कशी घुमते, वाइंडिंग जळल्याचा वास कसा येतो आणि ते भरून देणारा कारागीर बाजारात कोठे बसतो, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. सौर पंपाची गोष्ट तशी नाही. २०१९ साली कुसुम योजना मंजूर झाली, २०२४ साली राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली, आणि शिवाराशिवारांत पॅनेलखाली एक पेटी दिसू लागली. तिला आपण कंट्रोलर म्हणतो. ती चालते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. बंद पडली म्हणजे ‘कंट्रोलर गेला’ असा निकाल तेथल्या तेथे लागतो. हा निकाल बहुधा चुकीचा असतो, असे माझे मत आहे, आणि त्या चुकीची किंमत पिकास मोजावी लागते.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका कांदा उत्पादकाचा पंप रोज दुपारी बाराच्या सुमारास थांबत असे. सकाळी मात्र तो नीट चाले. कांदा पोसण्याच्या अवस्थेत होता. दोन पाळ्या चुकत्या तर माल बारीक राहता. तक्रार गेली, पुरवठादाराच्या माणसाने कंट्रोलर बदलला, तरी दुपारचा थांबा कायम राहिला. अखेर मोटार वर काढण्याचे ठरले. योगायोगाने त्या दिवशी मी तेथे पोहोचलो. पेटीच्या पडद्यावर येणारी इंग्रजी अक्षरे तोवर कोणीच वाचली नव्हती. पंप कोरडा चालत आहे, एवढाच त्यांचा अर्थ होता. विहिरीत डोकावून पाहिले, तो पाणी पंपाच्या तोंडाशी आलेले! सकाळी ऊन कोवळे असते, मोटार सावकाश फिरते, आणि उपसा झऱ्यांच्या बेतात राहतो. दुपारी तीच मोटार पूर्ण वेगाने फिरू लागली की उपसा झऱ्यांच्या पुढे जाई. कमाल वारंवारता ५० हर्ट्झवरून ४२ वर आणून ठेवताच पाणी थोडे कमी, परंतु दिवसभर मिळू लागले. कंट्रोलर बदलण्यात गेलेले दिवस मात्र परत आले नाहीत.

असे का होते हे समजून घेणे अवघड नाही. (येथे विचार तीन फेज एसी मोटारीच्या संचापुरता आहे.) पॅनेलमधून डीसी वीज येते. तिचे एसी विजेत रूपांतर करणे हे कंट्रोलरचे काम. आणि ते करताना तो उन्हाच्या जोराप्रमाणे वारंवारता, म्हणजे पर्यायाने मोटारीचा वेग, कमी-अधिक करतो. वेग उतरला की पाणी त्याच प्रमाणात कमी होते, परंतु पाणी वर चढविण्याची ताकद वेगाच्या वर्गाने घटते. पूर्ण वेगाने जास्तीत जास्त ७० मीटर चढवू शकणारा पंप ४० हर्ट्झवर जेमतेम ४५ मीटरपर्यंत पोहोचतो. बोअरमधील पाणी ५० मीटरवर असेल, तर सकाळी आठ वाजता मोटार फिरेल, आवाजही येईल, पण नळीतून थेंब पडणार नाही. यात बिघाड कोणताच नाही. ऊन चढू द्यावे.

चांगले ऊन असूनही पाणी कमी येत असेल, तर आधी पॅनेल पाहावे. पॅनेल एकामागे एक मालिकेत जोडलेले असतात. एकावर बाभळीची सावली पडली तरी साऱ्या मालिकेची वीज घटते. धूळ, सैल जोडणी, उंदराने कुरतडलेली वायर ही कारणेही नित्याची आहेत. नव्याने बसविलेल्या पंपाचे पाणी पहिल्या दिवसापासूनच कमी असेल, तर मोटार उलटी फिरत असण्याचा संभव मोठा; तीन वायरांपैकी कोणत्याही दोहोंची अदलाबदल केली की काम भागते. ताप वाढल्याची खूण आली तर पेटीच्या मागील पंखे व खाचा तपासाव्यात. गांधीलमाशीला ही जागा फार आवडते.

प्रवाह जास्त झाल्याची किंवा वीज जमिनीत गळत असल्याची खूण मात्र गंभीर समजावी. इंपेलरमध्ये गाळ अडकला असेल, किंवा केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले असेल. जाणत्या वायरमनकडून मोटारीची केबल कंट्रोलरपासून सोडवून मगच मेगरने तपासणी करावी. केबल जोडलेली ठेवून मेगर लावल्यास चांगला कंट्रोलरही निकामी होतो. एक मेगोहमपेक्षा कमी रोध आढळला तर दोष पेटीबाहेर आहे हे उघड झाले. अशा वेळी मोटार अवश्य वर काढावी, त्याआधी नव्हे.

पेटी स्वतः उघडू नये, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे जीवघेणा दाब टिकून असतो. पॅनेल तर ऊन आहे तोवर जिवंतच असतात, आणि पंप चालू असता त्यांची जोडणी उपटली तर डीसी विजेची ठिणगी सहजी विझत नाही.

जुन्या स्टार्टरचा रिले बांधून मोटार चालविण्याची खोड आपल्याकडे होती. तीच आता नव्या रूपाने येत आहे: वारंवार थांबतो म्हणून कोरड्या चालीचे संरक्षणच बंद करून देणारे कारागीर भेटतात. पंप त्या दिवशी चालतो, पुढे मोटार जळते. परंतु सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ज्या यंत्राची भाषा वापरणाऱ्यास येत नाही, ते यंत्र अर्धेच दिले असे मी म्हणेन. प्रत्येक पेटीच्या झाकणावर खुणांचा अर्थ सांगणारा मराठी तक्ता पुरवठादाराने चिकटविलाच पाहिजे, आणि पंप बसविल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी आम्ही अधिकाऱ्यांनी तो पाहिला पाहिजे. आजवर आम्ही पंप किती बसले हे मोजत आलो. त्यांतील किती चालू आहेत, ही मोजणीही तितकीच आवश्यक आहे.

तोवर शेतकऱ्याने एक वही ठेवावी. पंप उत्तम चालत असता भर दुपारचे व्होल्ट, अँपिअर आणि हर्ट्झ हे तीन आकडे तीत लिहावेत. बंद पडेल त्या दिवशी पडद्यावरील खूण, वेळ आणि विहिरीतील पाण्याची पातळी टिपून घ्यावी व तक्रारीत तीच द्यावी. राज्याच्या योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे. तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा, आणि हमीच्या मुदतीत पेटीचे सील बाहेरच्या कारागिराकडून तोडवून घेऊ नये.