करकपात आणि आमचे दुकान

करकपात झाली की व्यापाऱ्याची दिवाळी, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. माझे वडील गावात किराणा दुकान चालवतात. म्हणून मला थोडे वेगळे सांगावेसे वाटते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, केशतेल, टूथपेस्ट यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाचे भले झाले, याचा आनंदच आहे. पण आमच्या फळीवरचा माल जुन्या दराने भरलेला होता. करासह ११८ रुपयांना आणलेला माल आता १०५ ला मिळू लागला. मोठा व्यापारी खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतो. आम्ही कंपोझिशन योजनेत; उलाढालीवर एक टक्का भरायचा आणि वजावटीवर पाणी सोडायचे. ही योजना आम्हीच निवडली, हे खरे. पण हिशेबनीस ठेवणे परवडत नाही, त्याला काय करणार? मग मधले तेरा रुपये कोणी सोसायचे? "गिऱ्हाईक तुटण्यापेक्षा तोटा बरा," म्हणत वडिलांनी नव्या भावाने माल दिला.

करकपात हवीच. मात्र ती करताना लहान दुकानदाराच्या शिल्लक मालाचाही विचार सरकारने करावा. सवलत सरकारने जाहीर केली. तिचा पहिला हप्ता आमच्या गल्ल्यातून गेला.