झडती सर्वांची, मर्यादाही सर्वांची

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेली आई हे आता मराठी मध्यमवर्गात घरोघरचे चित्र झाले आहे. कोथरूड-डोंबिवलीहून निघालेली ही माउली बहुधा आयुष्यात प्रथमच विमानतळावरील सुरक्षा तपासणीपुढे उभी राहते. हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र आणि गुडघ्यात शस्त्रक्रियेने बसवलेला धातूचा सांधा. चौकटीतून पाऊल टाकताच यंत्र वाजते. मग पडद्याआडच्या लहानशा जागेत दोन्ही हात पसरून उभे राहायचे आणि एका अनोळखी स्त्रीचा हात अंगावरून फिरू द्यायचा. ती स्त्री आपले कर्तव्य करीत आहे, हे या माउलीला कळते. तरीही बाहेर येताना ती पदर सावरते आणि त्याविषयी कोणापाशी बोलत नाही.

प्रवाशाच्या संपूर्ण देहाची प्रतिमा घेणाऱ्या ‘बॉडी स्कॅनर’ या यंत्राचा वाद गेली काही वर्षे जगभर चालला आहे. त्या वादाचे मूळ याच अवघडलेपणात आहे. राष्ट्राची सुरक्षा मोठी की व्यक्तीची मर्यादा मोठी, असा प्रश्न विचारला जातो. वस्तुतः हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. या दोहोंपैकी एकीचा बळी देऊन दुसरी टिकत नाही, हे ज्यांना उमगले तेच या वादातून मार्ग काढू शकतील.

थोडा मागचा इतिहास पाहू. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात शिवून आणलेल्या स्फोटकाला पेटवण्याचा प्रयत्न केला. स्फोट नीट झाला नाही आणि सहप्रवाशांनी त्याला जागीच दाबून धरले, म्हणून शेकडो प्राण वाचले. त्याने आणलेले पीईटीएन हे स्फोटक धातूचे नसल्याने मेटल डिटेक्टरला त्याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते. या घटनेनंतर अमेरिका आणि ब्रिटनने बॉडी स्कॅनर बसवण्याचा सपाटा लावला.

ही यंत्रे दोन जातींची होती. एका जातीत क्ष-किरणांचा सौम्य मारा देहावर करून परतणाऱ्या किरणांवरून प्रतिमा घेतली जाई. दुसऱ्या जातीत मिलिमीटर लहरी, म्हणजे रेडिओ लहरींच्याच कुळातील लहरी, वापरल्या जात. या लहरी कपड्यांतून पार होतात आणि त्वचेवरून परततात. पहिल्या पिढीच्या यंत्रांनी पडद्यावर जे दाखवले ते पाहून पाश्चात्त्य समाजही हादरला. तो जवळजवळ नग्न देहच होता. चित्रे साठवली जात नाहीत, असे आश्वासन विमानतळांवर दिले जात होते. परंतु २०१० मध्येच उघड झाले की, फ्लोरिडातील ऑरलँडो येथील एका न्यायालयाच्या प्रवेशद्वारावर बसवलेल्या अशाच यंत्रात पस्तीस हजारांहून अधिक प्रतिमा साठून राहिल्या होत्या. शासकीय आश्वासन आणि यंत्राची क्षमता यांत केवढे अंतर असते, हे त्यातून दिसले. युरोपीय संघाने २०११ मध्ये आरोग्याच्या कारणास्तव क्ष-किरणांची यंत्रे विमानतळांवरून वगळली. देहाऐवजी केवळ साधी आकृती दाखवावी, ही अमेरिकी काँग्रेसने घातलेली अट त्या यंत्रांना पूर्ण करता आली नाही, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेनेही ती विमानतळांवरून काढली.

याच काळात धर्मपीठांनीही आपली मते मांडली. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘फिक्ह कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका’ या मुस्लिम विद्वानांच्या मंडळाने असे स्कॅनर इस्लामच्या शिकवणीत बसत नाहीत, असा फतवा काढला. त्याच महिन्यात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी सुरक्षेच्या उपायांतही मनुष्याच्या प्रतिष्ठेला प्रथम स्थान असले पाहिजे, असे विमानवाहतूक क्षेत्रातील लोकांना सांगितले. पुढच्याच महिन्यात मँचेस्टर विमानतळावर पाकिस्तानला निघालेल्या दोन स्त्रियांनी स्कॅनरमधून जाण्यास नकार दिला. एकीने धर्माचे कारण दिले, दुसरीने प्रकृतीचे. दोघींनाही विमानात बसू दिले गेले नाही.

फतव्याची बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर उपरोधाचे हसू आले असेल. पण ते हसू फार काळ टिकले नाही. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेतील भारताच्या तत्कालीन राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपी राज्यातील जॅक्सन विमानतळावर बाजूला घेण्यात आले आणि अंगावरून हात फिरवून त्यांची झडती घेण्यात आली. त्यांनी साडी नेसली होती. भारत सरकारने तीव्र नापसंती व्यक्त केली आणि आपण सर्वांनीही संताप व्यक्त केला. तो संताप योग्यच होता. पण मग प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की, देहाच्या मर्यादेचा प्रश्न हा कोण्या एका पंथाचा हट्ट नाही. तो साडी नेसणाऱ्या स्त्रीचा आहे, पगडी बांधणाऱ्या शिखाचा आहे आणि आमच्या डोंबिवलीच्या माउलीचाही आहे. आपल्या घरातील लज्जेला आपण संस्कार म्हणतो. दुसऱ्याच्या लज्जेला कर्मठपणा म्हणताना आपणही दोन क्षण थांबले पाहिजे.

मात्र हे मान्य केल्यावर पुढचा मुद्दाही तितक्याच ठामपणे मांडला पाहिजे. मर्यादा सर्वांची आहे, म्हणूनच सवलत कोणा एकाची असू शकत नाही. धर्माच्या नावाने तपासणीतून सूट मिळू लागली, तर ती पहिल्याप्रथम वापरील तो भाविक नव्हे, दहशतवादी. एप्रिल १९८६ मधील लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानात बसायला आलेली एक गर्भवती आयरिश तरुणी. तिच्याविषयी संशय यावा असे तिच्या नावात, वेषात, धर्मात काहीही नव्हते. विमानतळाची नेहमीची तपासणी ती सहज पार करून आली होती. एल अलच्या सुरक्षारक्षकाने तिला साधे प्रश्न विचारले, उत्तरे जुळेनात, म्हणून बॅग उलगडून पाहिली. तिच्या तळाशी दीड किलो सेमटेक्स निघाले. तिच्या वाग्दत्त वराने, नेझार हिंदावीने, तिच्या नकळत ते ठेवले होते. ज्याच्यावर संशय घेण्याचे मनात येणार नाही, त्यालाच शत्रू पुढे करतो. म्हणून झडती सर्वांची हवी, आणि सवलत धर्मालाही नको, पदालाही नको.

पदाचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या देशात सुरक्षा तपासणीतून सूट असणाऱ्यांची एक अधिकृत यादी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान यांसारख्या पदांचे त्या यादीतले स्थान समजण्याजोगे आहे. पण कोणतेही घटनात्मक पद नसलेले, केवळ सोनिया गांधी यांचे जामात असलेले रॉबर्ट वाड्रा यांचे नाव त्या यादीत वर्षानुवर्षे होते. सुरक्षाप्राप्त व्यक्तींसमवेत प्रवास करताना त्यांनाही ही सूट होती. २०१५ मध्ये ती काढण्यात आली. याउलट डॉ. अब्दुल कलाम यांचे उदाहरण पाहा. माजी राष्ट्रपती म्हणून त्यांना नियमानेच सूट होती. तरीही एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची झडती घेतली. कंपनीने भारतीय भूमीवर भारतीय नियम मोडला, हा तिचा अपराधच होता आणि तिला क्षमा मागावी लागली. पण स्वतः कलामांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. नियमाने मिळालेली सूट न मिरवणारा मोठा माणूस आणि नियमात न बसणारी सूट मिरवणारा नातलग, या दोहोंतून समाजाने कोणता धडा घ्यायचा, हे सांगण्याची गरज नाही.

आता यंत्राकडे वळू. आज वापरात असलेली मिलिमीटर लहरींची यंत्रे पहिल्या पिढीपेक्षा पुष्कळ वेगळी आहेत. त्यांत क्ष-किरण नाहीत. पडद्यावर प्रवाशाचा देह दिसत नाही, सर्वांसाठी सारखीच एक बाहुलीवजा आकृती दिसते आणि संशयास्पद वस्तू जेथे असेल तेथे खूण उमटते. गुडघ्याच्या आतील धातूचा सांधा या लहरींना दिसत नाही, कारण त्या त्वचेपाशीच थांबतात. म्हणजे आमच्या माउलीला प्रत्येक वेळी पडद्याआड जावे लागणार नाही. योग्य रीतीने वापरलेले हे यंत्र हाताने घेतल्या जाणाऱ्या झडतीपेक्षा अधिक मर्यादाशील ठरते. ज्या यंत्राविरुद्ध लज्जेच्या नावाने ओरड झाली, तेच सुधारून आता लज्जेचे रक्षण करू शकते, ही या वादातील सर्वांत आश्वासक गोष्ट आहे.

तरीही यंत्रावर विसंबून झोपी जाता येणार नाही. जर्मनीने हॅम्बुर्ग येथे घेतलेल्या चाचण्यांत कपड्यांच्या घड्यांमुळेही यंत्र खोटे इशारे देत असल्याचे आढळले. निऱ्यांची साडी, धोतर, पगडी नेसणाऱ्या-बांधणाऱ्या देशाने यातून बोध घ्यावा आणि यंत्र आपल्या वेषावर पारखूनच घ्यावे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्यानेच वेषांतर केलेल्या तपासनिसांना बनावट बाँब व शस्त्रे घेऊन विमानतळांवर धाडले. सत्तरपैकी सदुसष्ट वेळा ते सहीसलामत आत गेले! कोट्यवधी डॉलर खर्चून बसवलेली यंत्रे होती. उणीव होती ती यंत्रांमागच्या सावधपणाची.

अब्दुलमुतल्लबचीच कथा पुन्हा आठवा. त्याच्या पित्याने नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या वकिलातीत स्वतः जाऊन मुलाच्या वाढत्या कट्टरतेविषयी सावध केले होते. ब्रिटनने त्याच वर्षी त्याला व्हिसा नाकारला होता. जन्मदात्या बापाने दिलेला इशारा कागदांत पडून राहिला आणि दोष मात्र मेटल डिटेक्टरला मिळाला. आपल्या ‘कनिष्क’ विमानाचे दुःखही असेच आहे. २३ जून १९८५ रोजी खलिस्तानी दहशतवाद्यांच्या बाँबने ते आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्याची बॅग विमानात चढली, तो प्रवासी स्वतः चढलाच नव्हता. त्या दिवशी टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र बंद पडले होते. यंत्रही चुकले आणि माणसेही चुकली.

भारताला हे धडे स्वतःच्या रक्ताने शिकावे लागले आहेत. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूच्या ढिसाळ तपासणीतून पाच दहशतवादी शस्त्रांसह आयसी-८१४ विमानात चढले. एका नवविवाहित तरुणाची हत्या झाली. ओलिसांच्या बदल्यात सोडाव्या लागलेल्या मसूद अझहरने पुढे जैश-ए-महंमद उभारली. त्या वेळी सरकार कोणाचे होते हा प्रश्न येथे गौण आहे. शत्रू सरकार पाहून वार करीत नाही. त्यानंतर फेब्रुवारी २००० पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने सोपवण्यात आली आणि हे जवान ती जबाबदारी निष्ठेने पार पाडीत आहेत. पण स्कॅनरच्या बाबतीत आपली गती मंदच राहिली. नागरी विमान सुरक्षा कार्यालयाने २०१९ मध्ये देशातील ८४ विमानतळांवर अशी यंत्रे बसवण्याचा आदेश काढला. मधल्या काळात कोरोना आला, मुदती टळल्या, आणि मे २०२५ मध्येही दिल्लीत चाचण्यांचीच बातमी येत होती. सरकार आपल्या विचारांचे असले म्हणून विलंबाविषयी मौन पाळणे, ही राष्ट्रभक्ती नव्हे.

मागणी साधी आहे. यंत्रे लवकर यावीत. त्यांनी देह दाखवू नये आणि काहीही साठवू नये, हे केवळ परिपत्रकात नव्हे, कायद्यात लिहिलेले असावे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाला मूलभूत अधिकार मानल्यानंतर तर ते अटळच आहे. ज्याला यंत्र नको, त्याला पडद्याआडची झडती खुली असावी, पण दोन्हींतून सुटका कोणालाही नसावी. आणि यंत्रासमोर बसणाऱ्या जवानाच्या प्रशिक्षणावर आणि त्याच्या विश्रांतीवरही यंत्राइतकाच खर्च व्हावा.

हे सारे आपल्या परंपरेला नवे नाही. रायगडाच्या हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतो. ती आख्यायिका आहे, पण लोकमनाने ती उगाच जपलेली नाही. सांज झाली, गडाचे दरवाजे मिटले. घरी तान्हे बाळ आहे म्हणून गवळण विनवत राहिली, पण पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही. ती माय जिवावर उदार होऊन कडा उतरून गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी पहारेकऱ्यांना दोष दिला नाही आणि हिरकणीलाही शिक्षा केली नाही. तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला, आणि ज्या कड्यावरून ती उतरली तेथे बुरूज बांधून ती वाट बंद केली. दरवाजा सर्वांसाठी सारखाच मिटला, स्त्रीचा मान राखला गेला आणि तटातली फट बुजवली गेली. विमानतळ हेही आजचे गडच आहेत. त्यांच्या दरवाजांवर याहून वेगळा न्याय नको.