शुक्राचा अस्त मुलांना दाखवा

लग्नाची बोलणी सुरू झाली की पंचांग उघडतं आणि शुक्राचा अस्त आहे म्हणून मुहूर्त पुढे जातो. हा अस्त आकाशात बघितलेली माणसं मात्र मला क्वचितच भेटतात. मी आठवीला विज्ञान शिकवते, आणि हा धडा शाळेच्या गच्चीवरच व्हावा असं माझं ठाम मत आहे.

शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. म्हणून तो पहाटे पूर्वेला नाहीतर संध्याकाळी पश्चिमेलाच दिसतो. पश्चिमेला तो दिवसेंदिवस खाली उतरू लागला, की पृथ्वीच्या जवळ येत असतो. त्या दिवसांत साध्या दुर्बिणीतूनही त्याची चंद्रासारखी कोर दिसते. (दुर्बीण मुलांच्या हाती द्यायची ती सूर्य पूर्ण मावळल्यावरच.) गॅलिलिओने १६१० मध्ये शुक्राच्या कला पाहिल्या आणि तो सूर्याभोवती फिरतो याचा पुरावा मिळाला. कोर दिसल्यानंतर काही दिवस शुक्र सूर्याच्या तेजात हरवतो, तोच पंचांगातला अस्त, आणि पुढे पहाटे उगवतो. हे चक्र सुमारे ५८४ दिवसांचं.

वेळापत्रकात यासाठी एक संध्याकाळ आणि एक पहाट हवी. शिक्षण विभागाने ती द्यावी, आणि पालकांनी मुलांना पाठवावं.