वेगाला वेसण, कल्पकतेलाही?

पूर्व विदर्भात शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो शंकरपट. गोंदिया जिल्ह्यातील केशोरी, अर्जुनी मोरगाव हा सारा परिसर धानाचा. पीक घरात आले की बैलजोड्यांचे आणि हलक्या छकड्यांचे दिवस सुरू होतात. वेग आणि नियम यांचा झगडा या पटाने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पाहिला. ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना मनाई झाली. पटशौकिनांनी थोडीफार कुरकुर केली असेल. पण मुक्या जिवाच्या वेदनेपुढे वेग गौण आहे, हे नाकारणे कोणालाही अवघडच.

मोटार शर्यतींच्या चाहत्याचे दुखणे मात्र निराळे आहे. जिवाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांबद्दल त्याची तक्रार नाही. १९९४ मध्ये इमोला येथे रोलांड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेन्ना यांचा लागोपाठच्या दोन दिवसांत बळी गेल्यानंतर आलेल्या निर्बंधांना कोणता शहाणा माणूस विरोध करील? त्याला खुपतो तो यंत्राचा आराखडाच ठरवून देणारा नियम. त्याहूनही खुपते ती एखाद्याने डोके लढविल्यानंतर मागाहून येणारी बंदी.

या तक्रारीला मोठा इतिहास आहे. १९७८ च्या स्वीडिश ग्रांप्रीत ब्रॅबॅमच्या गॉर्डन मरी यांनी मोटारीच्या मागे एक मोठा पंखा बसविला. हलणाऱ्या भागांनी हवेचा दाब वाढविण्यास मनाई होती, म्हणून पंखा मुख्यतः इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. प्रत्यक्षात तो मोटारीखालची हवा उपसून तिला जमिनीकडे ओढत होता. निकी लाउडा यांनी अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने शर्यत जिंकली. ती मोटार पुन्हा कधीच शर्यतीत उतरली नाही. २००६ मध्ये रेनॉच्या मोटारीतील कंप शोषणाऱ्या वजनावर ऐन हंगामात गंडांतर आले. ते वजन तोवर कित्येक शर्यती धावले होते. याउलट २००९ मध्ये ब्रॉन संघाचा दुहेरी डिफ्यूझर वैध ठरला आणि जेन्सन बटन विश्वविजेता झाला. पळवाट आणि प्रतिभा यांतील सीमारेषा बहुधा निर्णय देणाऱ्याच्या मेजावरच आखली जाते.

तरीही चाहत्याची बाजू पूर्णपणे निर्दोष नाही, हेही मान्य करावे लागेल. तांत्रिक मोकळीक अखेर पैशाला शरण जाते. १९९२ मध्ये विल्यम्सच्या सक्रिय सस्पेन्शनने नायजेल मॅन्सेल यांना १६ पैकी ९ शर्यती जिंकून दिल्या. मोटार अद्भुत होती, हंगाम मात्र कंटाळवाणा. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघविजेतेपद मर्सिडीजकडेच राहिले. म्हणूनच २०२१ मध्ये आलेली १४.५ कोटी डॉलर्सची खर्चमर्यादा चाहत्यांनी बहुतांशी स्वीकारली. किती खर्च करायचा, हे ती सांगते; कशावर करायचा, हे सांगत नाही. ले मान्स येथे याच्या नेमके उलट घडले. २०२३ च्या २४ तासांच्या शर्यतीपूर्वी समतोलाच्या नावाखाली टोयोटाच्या मोटारीवर ३७ किलो वजन वाढविले गेले. फेरारीवरही वाढले, पण २४ किलो. आणि जिंकली ती फेरारीच. उत्तम काम करणाऱ्यालाच दंड, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष कसा द्यावा?

नियम कल्पकतेला मारतोच असे नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत सापडतो. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत पेट्रोल इंजिनाला मिळणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून जावी लागते, तर विजेच्या मोटारीला ८० किलोवॉटची मर्यादा असते. पुढे विद्यार्थी मोकळे! हवेची नळी किती लांब, चौकट पोलादाची की कार्बन तंतूंची, हे त्यांनीच ठरवायचे आणि परीक्षकांपुढे त्याचे समर्थनही करायचे. मुंबईच्या आयआयटीचा संघ विजेची मोटार घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनपर्यंत पोहोचला, तो या चौकटीत राहूनच.

फॉर्म्युला वनची २०२६ च्या हंगामासाठीची नियमावली या कसोटीवर तपासली तर चित्र संमिश्र दिसते. विजेची शक्ती १२० वरून ३५० किलोवॉटवर गेली, इंधन पूर्णतः शाश्वत स्वरूपाचे झाले आणि त्याच्या प्रवाहावर थेट ऊर्जेच्या मापात मर्यादा आली. हा भाग चाहत्याला पटण्याजोगा आहे. परंतु एग्झॉस्टच्या उष्णतेपासून वीज निर्माण करणारे यंत्र गुंतागुंतीचे आणि खर्चिक म्हणून वगळण्यात आले. इंजिनाची उष्णता-कार्यक्षमता चाचणीत ५० टक्क्यांपलीकडे गेल्याचे मर्सिडीजने २०१७ मध्ये जाहीर केले होते, त्यामागे याच यंत्राचा मोठा वाटा होता. इंजिन सहा सिलिंडरांचेच, त्यांच्या दोन रांगांतील कोन ९० अंशांचाच आणि सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटरच, ही सक्ती मात्र २०१४ पासून जशीच्या तशी कायम आहे.