खिशातील चिटणीस आणि त्याची मुदत

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत आणि दिवाळीच्या तोंडावर मोबाईलच्या दुकानांत गर्दी उसळते. ग्राहक विचारतो, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा. दुकानदार सांगतो, हप्ता किती रुपयांचा. आणि एवढ्या प्रश्नोत्तरांत व्यवहार आटोपतो. वस्तुतः पंधरा-वीस हजार रुपये मोजून घेतलेल्या या वस्तूवर पुढे शिक्षकाचे टाचण, कारकुनाची टिपणे, विद्यार्थ्याचे परीक्षेचे वेळापत्रक, डॉक्टरांच्या तारखा आणि आयुष्यभर जोडलेल्या माणसांचे क्रमांक विसंबून राहणार असतात. ग्राहक टेलिफोन घेतो असे समजतो, पण प्रत्यक्षात तो एक चिटणीस नेमत असतो. चिटणीस नेमताना त्याचा अंगरखा किती भरजरी आहे हे शहाणा माणूस पाहत नाही. तो दप्तर कसे ठेवतो आणि नोकरी सोडून जाताना ते धन्याच्या हवाली करतो की नाही, हे पाहतो. नेमक्या याच दोन गोष्टींची चौकशी मोबाईल घेताना होत नाही.

दूरध्वनी आणि दैनंदिनी ही एके काळी दोन वेगळी साधने होती. मराठी घरात टेलिफोन कोपऱ्यातील तिपाईवर असे आणि शेजारी क्रमांकांची फाटकी वही. कामाच्या तारखा भिंतीवर असत. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ने त्या भिंतीवर जागा पटकावली आणि त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, मावशींची रजा असा सारा संसार मांडला जाऊ लागला. टेलिफोन बंद पडला तरी दुधाचा हिशेब बुडत नसे. या दोन साधनांना एका खिशात आणण्याची खटपट नव्वदच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात सुरू झाली, आणि त्या खटपटीचा इतिहास आजच्या ग्राहकाने वाचण्यासारखा आहे.

१९९४ साली अमेरिकेत आयबीएमने ‘सायमन’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. काचेवर बोट टेकवून ते चालवायचे. त्यात फोन होता, पत्ते होते, दिनदर्शिका होती, फॅक्स आणि ई-मेलही होते. कराराने घेतल्यास किंमत ८९९ डॉलर, वजन सुमारे अर्धा किलो, आणि बॅटरी बोलण्यासाठी जेमतेम तासभर टिके. वर्ष उलटण्याच्या आतच ते बाजारातून गेले. १९९६ साली नोकियाने ‘कम्युनिकेटर’ काढला. तो डबीसारखा उघडे आणि आत छोटा कळफलक असे. तोही जवळजवळ चारशे ग्रॅमचा. सदऱ्याच्या खिशात ठेवला तर सदरा एका बाजूला लोंबावा असा. सारे काही एकात भरण्याच्या नादात ‘खिशात मावले पाहिजे’ ही पहिली अटच या मंडळींच्या नजरेतून निसटली होती.

ती अट पाळली ती जेफ हॉकिन्स या अभियंत्याने. यंत्र बनवण्यापूर्वी त्याने खिशात मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि तो जवळ बाळगून हिंडू लागला. बैठकीत कोणी तारीख विचारली की तो ठोकळा बाहेर काढी आणि एका काडीने त्यावर टिचक्या मारून तारीख पाहिल्याचा आव आणी. लोक हसले असतील. पण आपल्याला खरोखर कशाची वारंवार गरज पडते, हे त्या मुक्या लाकडाने त्याला शिकवले. त्यातून १९९६ साली ‘पाम पायलट’ आला. त्याला फोन नव्हता. तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे एवढाच त्याचा कारभार. पेन्सिल सेलची जोडी घातली की आठवडेच्या आठवडे चाले. आणखी एक गोष्ट त्यात होती, जिचे मोल पुढे कळले. घरच्या संगणकाजवळील बैठकीवर तो ठेवून एक कळ दाबली की यंत्रातील सारे दप्तर संगणकात उतरे. चिटणीस रोज संध्याकाळी वह्यांची नक्कल धन्याच्या कपाटात ठेवून मगच घरी जात होता, असे म्हणता येईल.

पाम आणि फोन यांचा संसार मग हॉकिन्सच्याच दुसऱ्या कंपनीने, हँडस्प्रिंगने, २००२ साली ‘ट्रिओ’ या यंत्रात मांडला. त्या काळी दोन यंत्रे बाळगावीत की एक, यावर जाणकारांत कडाक्याचे वाद होत. एका पक्षाचे म्हणणे, दोन यंत्रे आणि दोन चार्जर वागवणे हा हमालीचा प्रकार आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, फोन कानाला लावला असता दैनंदिनी पाहणार कशी, आणि बोलण्यात बॅटरी संपली तर सायंकाळच्या भेटीचा पत्ता कोणाला विचारणार? हा आक्षेप पोरकट नव्हता. त्याच वर्षी ब्लॅकबेरीचे फोनयुक्त यंत्र आले तेव्हा कानाला वेगळी तार जोडल्याखेरीज त्यावर बोलताच येत नसे. अर्थात हा वाद सोयीनेच निकालात निघाला. २००७ साली आयफोन आणि पुढल्या वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आल्यावर ‘एक की दोन’ हा प्रश्न कोणी विचारीनासे झाले.

प्रश्न मिटला खरा, पण दुसऱ्या पक्षाची भीती खोटी ठरली नाही. बॅटरी संपणे ही तर किरकोळ बाब, कंपन्याच संपल्या. पामने २००३ साली हँडस्प्रिंग घेतली, २००९ साली आपली जुनी प्रणाली टाकून नवी आणली, २०१० साली ह्यूलेट-पॅकार्डने सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम मोजून सारी पामच विकत घेतली, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये ती यंत्रे बनवणेच थांबवले. नोकियाने सिम्बियन सोडले. मायक्रोसॉफ्टने फोनच्या धंद्यातून अंग काढून घेतले. ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या प्रणालींच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद केल्या. त्या दिवसानंतर त्या फोनवरून साधा कॉलही खात्रीने लागेल, याची हमी उरली नाही. यांपैकी कोणतेही नाव आपल्या भरभराटीच्या काळात बुडेल असे कोणाला वाटले नव्हते. तेव्हा ‘मोठ्या कंपनीचे घेतले म्हणजे चिंता नाही’ या समजुतीला इतिहासाचा आधार नाही.

या पडझडीत ज्यांचे दप्तर वाचले ते का वाचले, हे पाहण्यासारखे आहे. पत्ते आणि तारखा लिहून ठेवण्याच्या व्हीकार्ड आणि आयकॅलेंडर या खुल्या, कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या पद्धती नव्वदच्या दशकातच ठरल्या होत्या. ज्यांनी आपली वही त्या पद्धतीत बाहेर काढून ठेवली, त्यांचे पामवरील क्रमांक आजच्या फोनमध्ये सुखरूप नांदत असतील. ज्यांनी ती यंत्रातच राहू दिली, त्यांच्या हाती काळी काच उरली. मराठी कारकुनाला आणि शिक्षकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले परिपत्रक किंवा प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी कोंबडीचे पाय उमटतात, हा अनुभव प्रत्येक कचेरीने घेतला आहे. मजकूर शाबूत असतो, पण वाचणारी किल्ली हरवलेली असते. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरावर ती पाळी येत नाही, कारण तीही कोणा एकाच्या मालकीची नसलेली पद्धत आहे.

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळते: सारे काही ‘क्लाउड’मध्ये आहे, फोन गेला तरी काही जात नाही. उत्तर निम्मे खरे आहे. फोन हरवला किंवा पाण्यात पडला तर ही व्यवस्था तारते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु क्लाउड म्हणजे आकाश नव्हे. ती दुसऱ्याच्या वाड्यातील खोली आहे आणि किल्ली घरमालकाजवळ आहे. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या डिसेंबरपासून त्याचा अंमल सुरू झाला. दिवंगत वडिलांच्या खात्यातील छायाचित्रे पुढे कधीतरी सावकाश पाहू, असे म्हणणाऱ्या मुलाने हे लक्षात घ्यावे. त्याच गुगलने आपला सारा मजकूर एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय २०११ पासून ठेवलेली आहे. ती वापरणारे किती, हा प्रश्न वेगळा.

आतापर्यंत स्वतः निवड करणाऱ्या ग्राहकाचा विचार झाला. महाराष्ट्रात मात्र असंख्य लोकांच्या हाती यंत्र येते ते दुसऱ्याच्या निवडीने, किंवा यंत्र स्वतःचे आणि काम सरकारचे अशा रीतीने. अंगणवाडी सेविकांना शासनाने दिलेले मोबाईल २०२१ साली सेविकांनी मोठ्या संख्येने परत केले. फोनची क्षमता तोकडी, तो तापणारा व अडकणारा, आणि ज्यात नोंदी करायच्या ते ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. ज्या बाईला रोज बालकांची वजने आणि आहार नोंदवायचा, तिच्या हातात तो ठोकळा आधी चार दिवस देऊन पाहिला असता तर ही नामुष्की टळली असती. शिक्षकांची गोष्ट याहून अवघड आहे. विद्यार्थ्यांची दैनंदिन हजेरी मोबाईलवरून नोंदवण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला, तो मोबाईल शिक्षकाने स्वतःच्या पगारातून घेतलेला असावा हे गृहीत धरून. फोन जुना झाला आणि त्यावर नवे ॲप चालेनासे झाले तर दोष कोणाचा? कचेरीने हजेरीपट स्वतःच्या खर्चाने पुरवावा, हा नियम कागदाच्या काळात कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

फोन किती दिवस चालेल, हे त्याची काच शाबूत आहे की नाही यावर ठरत नाही. सुरक्षेच्या सुधारणा कंपनी किती वर्षे पाठवणार, यावर ते ठरते. त्या थांबल्या की आधी धोका वाढतो आणि मग एकेक ॲप दार लावून घेते. गुगल आणि सॅमसंग यांनी २०२३-२४ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीतील नव्या फोनना सात वर्षांचे वचन दिले. किंमत उतरत जाते तशी ही मुदत बहुधा आखडते. परिणामी ज्याला फोन वारंवार बदलणे परवडत नाही, त्यालाच तो लवकर बदलावा लागतो. हा न्याय उफराटा आहे. युरोपीय संघाने यावर कायदा केला. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनना, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत, सुटे भाग सात वर्षे उपलब्ध असले पाहिजेत, आणि बॅटरीचा टिकाऊपणा व दुरुस्तीची सुलभता लेबलावर छापली पाहिजे.

तोवर येथील ग्राहकाने दुकानात पाच मिनिटे अधिक उभे राहावे. फोन हातात घेऊन त्यावर मराठीत एक टिपण लिहावे, एक तारीख नोंदवावी, दोन क्रमांक घालावेत आणि दुकानदाराला सांगावे की, हे सारे आता या फोनमधून बाहेर काढून दाखवा. मग विचारावे, सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील आणि बॅटरी बदलायला किती पडतील. पहिल्या दिवशी या प्रश्नांनी दुकानदार गोंधळेल. दहाव्या ग्राहकाने तेच विचारल्यावर कंपनीला विचारील.

शासनाचे काम यापुढचे आहे. भारतात दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली संकेतस्थळ उघडले आणि २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली. समित्यांचा आपल्याकडील वेग पाहता एक लहान गोष्ट तूर्त आधी करता येईल. औषधाच्या पट्टीवर मुदत संपण्याची तारीख छापल्याखेरीज ती विकता येत नाही. मोबाईलच्या खोक्यावर कमाल किरकोळ किमतीच्या शेजारी, सुधारणा कोणत्या महिन्यापर्यंत मिळतील ती तारीख, तेवढ्याच ठळक आकड्यांत आणि मराठीतही छापणे सक्तीचे करावे.